कम्प्युटर अपडेट होत असताना आत काय चालतं? बंद करायचा की थांबायचं?

गेल्या जूनमध्ये सकाळी सकाळी जळगावहून मामांचा फोन आला. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. पहिला पाऊस पडला की कपाशीच्या बियाण्यासाठी दुकानासमोर गर्दी होते.

"अरे, हे कम्प्युटर परत अपडेट करून राहिलं. काल रात्री दुकान बंद करताना झालं होतं ना हे? आता गिऱ्हाईकं उभी आहेत. बटण दाबून बंद करून टाकू का?"

मी म्हटलं, "मामा, हात लावू नका. तोवर बिलं हाताने लिहा." पंधरा-वीस मिनिटांनी त्यांचा परत फोन आला, चालू झाला म्हणून. पण त्यांचा प्रश्न बरोबर होता. काल झालेलं अपडेट आज परत का? बटण दाबलं असतं तर काय झालं असतं? आणि फोन तर रात्रीतून गुपचूप अपडेट होतो, मग कम्प्युटरलाच एवढा वेळ का लागतो?

या लेखात हेच पाहू. उदाहरण विंडोजचं घेतलंय, कारण आपल्याकडे घरात आणि दुकानात बहुतेक तेच असतं. सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एक वाक्य लक्षात ठेवा: डाउनलोडला नेट लागतं, इन्स्टॉलला लाईट लागते. डाउनलोड होताना काहीही बंद पडलं तरी बिघडत नाही. रीस्टार्टच्या वेळी मात्र लाईट जाऊ द्यायची नाही.

## अपडेटमध्ये येतं तरी काय?

सगळी अपडेट्स एकसारखी नसतात. साधारण चार प्रकार येतात.

महिन्याचं अपडेट. यात सुरक्षेच्या आणि इतर चुकांच्या दुरुस्त्या असतात. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट हे सोडते. ही पद्धत २००३ पासून चालू आहे आणि तिला 'पॅच ट्यूजडे' म्हणतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. म्हणून आपल्याला ते बुधवारी किंवा गुरुवारी दिसतं.

वर्षाचं मोठं अपडेट. विंडोज ११ ची नवी आवृत्ती वर्षातून एकदा, वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत येते. कधी ते अगदी छोटं असतं, कारण नवी फीचर्स आधीच महिन्याच्या अपडेटांमधून येऊन झोपलेली असतात आणि हे फक्त त्यांना जागं करतं. कधी मात्र अख्खी सिस्टीम नव्याने बसते, तेव्हा तास-दोन तास सहज जातात.

अँटिव्हायरसची यादी. नव्या व्हायरसांची ओळख पटवणारी ही छोटी फाइल दिवसातून अनेकदा येऊ शकते. हिला रीस्टार्ट लागत नाही.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर. वायफाय, स्क्रीन, प्रिंटर यांचे ड्रायव्हर, आणि कधीकधी मदरबोर्डचं फर्मवेअर, म्हणजे ज्याला आपण बायोस म्हणतो ते. याबद्दल पुढे वेगळं सांगतो, कारण खरी जोखीम इथे आहे.

## पायरी १: विचारणा

कम्प्युटर स्वतःहून अधूनमधून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो, "माझ्यासाठी काही आहे का?" ही विचारणा घड्याळ लावून होत नाही, मुद्दाम थोडी मागेपुढे होते. जगातल्या सगळ्या कम्प्युटरांनी एकाच मिनिटाला विचारलं तर सर्व्हरची अवस्था निकालाच्या दिवशी बोर्डाच्या वेबसाइटची होते तशी होईल.

सर्व्हर यादी पाठवतो. त्यातलं आपल्याला काय लागू पडतं हे तुमचा कम्प्युटर तपासतो: आवृत्ती कोणती, प्रोसेसर कोणता, आधी काय बसलंय. जे लागू, तेवढंच रांगेत लागतं.

## पायरी २: डाउनलोड

अपडेट एका झटक्यात येत नाही, तुकड्या-तुकड्यांनी येतं. त्यामुळे मधेच नेट गेलं, लाईट गेली किंवा तुम्ही कम्प्युटर बंद केला, तरी पुढच्या वेळी ते राहिलेल्या तुकड्यापासून सुरू होतं. या टप्प्यात मामांनी बटण दाबलं असतं तर काहीच बिघडलं नसतं.

हे काम विंडोजमधली 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' नावाची सेवा करते. तिचा एक फायदा फार कमी लोकांना माहीत असतो. घरात किंवा ऑफिसात एकाच वायफायवर दोन-तीन कम्प्युटर असतील, तर एकाने आणलेले तुकडे दुसरा त्याच्याकडूनच घेऊ शकतो. इंटरनेटचा डेटा वाचतो. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन इथे जा आणि 'माझ्या लोकल नेटवर्कवरची उपकरणं' हा पर्याय चालू ठेवा. इंटरनेटवरच्या अनोळखी कम्प्युटरांशी देवाणघेवाण करायचा पर्यायही तिथेच असतो. डेटा मोजून मिळत असेल तर तो घेऊ नका, कारण तुमच्या कम्प्युटरवरून तुकडे बाहेरही जातात.

आता मोबाइल हॉटस्पॉटवाल्यांसाठी. फोनचा दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा लॅपटॉपला जोडला आणि अर्ध्या तासात संपला, असं तुमचंही झालं असेल. लॅपटॉपच्या दृष्टीने तुमचा हॉटस्पॉट म्हणजे कुठलंही साधं वायफाय. ते मोजून मिळणारं आहे हे त्याला आपण सांगायचं. वायफायच्या सेटिंग्जमध्ये त्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीज उघडा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग बहुतेक मोठी अपडेट्स आपोआप डाउनलोड होणार नाहीत, पुढे चांगलं नेट मिळेपर्यंत थांबतील. फक्त एक करा: महिन्यातून एकदा तरी त्याला मोकळ्या वायफायवर न्या. नाहीतर तो कायमचा थांबलेलाच राहतो.

## एवढी मोठी सिस्टीम, मग अपडेट त्या मानाने छोटं कसं?

जुन्या पुस्तकात छापून एक कागद चिकटवलेला असायचा, शुद्धिपत्रक. 'पान ४०, ओळ ७ : अमुक शब्दाऐवजी तमुक वाचावे.' चार चुकांसाठी कोणी अख्खं पुस्तक परत छापत नाही. विंडोजचं महिन्याचं अपडेट म्हणजे असंच शुद्धिपत्रक. पूर्ण फाइल पाठवण्याऐवजी फाइलमध्ये काय बदललं तेवढंच पाठवतात.

पण एक अडचण आहे. तुमच्या कम्प्युटरवर गेल्या महिन्याचं अपडेट आहे, शेजाऱ्याच्या कम्प्युटरवर सहा महिन्यांपूर्वीचं. मग दोघांना वेगवेगळी शुद्धिपत्रकं लागतील का? नाही. त्यासाठी युक्ती अशी की प्रत्येक शुद्धिपत्रक मूळ आवृत्तीच्या हिशोबाने बनवलेलं असतं. तुमचा कम्प्युटर आधी जुनं शुद्धिपत्रक सोलून फाइलची मूळ प्रत मिळवतो, मग त्यावर नवं चिकटवतो. नव्यात मागच्या सगळ्या महिन्यांच्या दुरुस्त्या असतात. म्हणूनच वर्षभर बंद असलेल्या कम्प्युटरलाही बारा महिन्यांची बारा अपडेट्स एकामागून एक लावावी लागत नाहीत, शेवटचं एक पुरतं.

आधी हे 'सोलायचं' साहित्यही डाउनलोडमधूनच यायचं. विंडोज ११ पासून कम्प्युटर ते इन्स्टॉलच्या वेळी स्वतःच तयार करून ठेवतो. मायक्रोसॉफ्टच्या सांगण्यानुसार यामुळे अपडेटचा आकार जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे नेटचं काम कमी झालं, प्रोसेसरचं वाढलं.

## पायरी ३: खरं की खोटं?

आलेल्या प्रत्येक तुकड्याचा हॅश तपासला जातो. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा म्हणा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो. शिवाय पूर्ण पॅकेजवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असते. ठसा किंवा सही जुळली नाही तर ते अपडेट बसतच नाही. शेजारच्या कम्प्युटरकडून तुकडे घेणं सुरक्षित आहे ते याचमुळे.

यावरून एक साधा नियम. खरं विंडोज अपडेट फक्त सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून येतं. ब्राउझरमध्ये 'तुमचा कम्प्युटर जुना झालाय, इथे क्लिक करा' असं आलं, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी फाइल पाठवली किंवा फोन करून कोणी कम्प्युटरचा ताबा मागितला, तर ते अपडेट नाही, ती फसवणूक आहे.

## पायरी ४: इन्स्टॉल, पहिला अर्धा भाग

डाउनलोड झाल्यावर तुम्ही काम करत असतानाच इन्स्टॉल सुरू होतं. नव्या फाइली सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधल्या 'विनएसएक्सएस' नावाच्या कोठारात रचून ठेवल्या जातात. जुन्या फाइली लगेच टाकून दिल्या जात नाहीत. काही बिघडलं तर परत जाता यावं म्हणून त्या तिथेच राहतात. हे फोल्डर फार मोठं दिसतं म्हणून काही जण ते हाताने डिलीट करायला जातात. तसं कधीही करू नका. त्यातल्या बऱ्याच फाइली एकच असून दोन ठिकाणी दिसतात, त्यामुळे दिसतो तेवढा आकार खरा नसतो. जागा हवी असेल तर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून 'टेम्पररी फाइल्स' साफ करा.

याच वेळी जुना कम्प्युटर एकदम संथ होतो. टास्क मॅनेजर उघडलं तर 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' वर दिसतो आणि डिस्क १०० टक्के. हा व्हायरस नाही. हजारो छोट्या फाइली वाचायच्या-लिहायच्या असतात, आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क यात दमते. त्याच कम्प्युटरला एसएसडी बसवली की अपडेटचा वेळ डोळ्यांनी दिसेल इतका कमी होतो. जुन्या कम्प्युटरवर एकच खर्च करायचा असेल तर मी हाच करायला सांगेन.

## पायरी ५: रीस्टार्ट, दुसरा अर्धा भाग

आता मामांच्या प्रश्नाचं उत्तर. विंडोज चालू असताना तिच्या काही फाइली सतत वापरात असतात. वापरात असलेली फाइल बदलता येत नाही. रस्त्यावर वाहतूक चालू असताना त्याच जागेवर डांबर टाकता येत नाही, तसंच. म्हणून ते काम दोन वेळी होतं: बंद होताना, सगळे प्रोग्राम थांबल्यावर, आणि परत चालू होताना, सगळे प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी.

मामांनी रात्री 'अपडेट अँड शट डाउन' दाबलं. पहिला भाग झाला आणि कम्प्युटर बंद झाला. सकाळी चालू केल्यावर दुसरा भाग सुरू झाला. दोनदा अपडेट झालं नव्हतं, एकच अपडेट दोन हप्त्यांत झालं. टक्केवारी मधेच अडकते किंवा कम्प्युटर दोनदा रीस्टार्ट होतो, तेही याच कारणाने. ती टक्केवारी वेळेची नसते, कामाच्या पायऱ्यांची असते. ३० टक्क्यांना पाच मिनिटं लागली म्हणून उरलेल्याला बारा लागतील असं गणित बसत नाही.

दुकानदारांनी म्हणून संध्याकाळी 'अपडेट अँड रीस्टार्ट' करावं, कम्प्युटर पूर्ण चालू होऊन पासवर्डची स्क्रीन आली की मग बंद करावा. सकाळची गर्दी वाचते.

वर्षाच्या मोठ्या अपडेटमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर होतं. कम्प्युटर काही वेळ एका छोट्या तात्पुरत्या विंडोजमधून चालतो, जुनी सिस्टीम 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये सरकवतो आणि नवी बसवतो. नवी पटली नाही तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीमधून 'गो बॅक' करता येतं. त्यानंतर ते जुनं फोल्डर आपोआप पुसलं जातं.

## मग फोनला एवढा वेळ का लागत नाही?

बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये सिस्टीमसाठी दोन खोल्या असतात. तुम्ही एकीत राहता, अपडेट दुसरीत बसत राहतं. रीस्टार्ट केलं की फोन दुसऱ्या खोलीतून सुरू होतो. नवी खोली बिघडलेली निघाली तर परत पहिलीत. ही सोय २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ पासून आली.

विंडोजमध्ये अशा दोन खोल्या नाहीत. राहत्या घरातच दुरुस्ती चालते, म्हणून तुम्हाला थोडा वेळ बाहेर थांबावं लागतं. शिवाय फोनची कंपनी ठरलेल्या मॉडेलसाठी अपडेट बनवते. विंडोजला मात्र हजारो प्रकारचे मदरबोर्ड, प्रिंटर आणि ड्रायव्हर सांभाळून घ्यावे लागतात. आणि फोनमध्ये बॅटरी असतेच, डेस्कटॉपमध्ये नसते. खानदेशात मे-जूनमध्ये हा फरक सगळ्यात मोठा ठरतो.

## मधेच लाईट गेली तर?

बहुतेक वेळा कम्प्युटर वाचतो. परत चालू केल्यावर तो राहिलेलं काम पुढे नेतो, किंवा जमलं नाही तर 'केलेले बदल परत घेत आहोत' असं दाखवून जुन्या स्थितीत जातो. जुन्या फाइली कोठारात असतात त्या यासाठीच. या मागे जाण्यालाही वेळ लागतो. घाबरून परत बटण दाबू नका.

दोन-तीन वेळा प्रयत्न करूनही चालू झाला नाही तर विंडोज स्वतःच दुरुस्तीची निळी स्क्रीन दाखवते. तिथे ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आणि त्यात शेवटचं 'क्वालिटी अपडेट' काढा. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं.

इथे माझी चूक सांगतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. धुळ्याच्या घरी डेस्कटॉप होता आणि दुसऱ्या दिवशी सबमिशन. अपडेट अडकलंय असं वाटून मी सरळ प्लग काढला. मग कम्प्युटर चालूच होईना. इंजिनिअरिंगला असल्यामुळे मला सगळं येतं असा माझा समज होता. निळी स्क्रीन आली, ती न वाचताच मित्राकडून पेनड्राइव्ह आणला आणि पूर्ण डिस्क फॉरमॅट मारली. सबमिशन झालं. पण त्या डिस्कवर आजीच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आईने पुढे कित्येक महिन्यांनी विचारलं, "ते फोटो कुठे आहेत रे?" तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं.

वाईट याचं वाटतं की ते फोटो तोपर्यंत डिस्कवर शाबूत असणार. अपडेट सिस्टीमच्या फाइलींना हात लावतं, तुमच्या फोटोंना आणि डॉक्युमेंटना नाही. कम्प्युटर चालू होत नाही याचा अर्थ डेटा गेला असा होत नाही. ते अपडेट काढून पाहता आलं असतं. डिस्क काढून दुसऱ्या कम्प्युटरला लावली असती तरी फोटो मिळाले असते. ते अपडेटने पुसले नाहीत आणि लाईटनेही नाही. मी पुसले. म्हणून कोणी 'फॉरमॅट मारावं लागेल' म्हटलं, तर पहिला प्रश्न हा विचारा: आधी डेटा काढून घेतला का?

दोन गोष्टी मात्र खरंच जपायच्या आहेत.

फर्मवेअर किंवा बायोसचं अपडेट. ते डिस्कवर नाही, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलं जातं. त्यात लाईट गेली तर काही बोर्ड कायमचे बंद पडू शकतात. लॅपटॉप असेल तर बॅटरी चांगली चार्ज असताना आणि चार्जर लावूनच करा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर करूच नका.

बिटलॉकरची की. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, म्हणजे कुलूपबंद. फर्मवेअर बदललं की कधीकधी कम्प्युटर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. आजच फोनवरून लॉगिन करून पाहा आणि वहीत लिहून ठेवा. की नसेल तर डिस्क काढून दुसरीकडे लावूनही उपयोग नाही.

## केलंच नाही अपडेट, तर?

"चालतंय ना, मग कशाला?" हा प्रश्न मला धुळ्यात आणि जळगावात सारखाच ऐकू येतो. त्याचं उत्तर आपल्या राज्यात घडून गेलंय.

१४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने महिन्याच्या अपडेटमध्ये फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतली एक गंभीर चूक दुरुस्त केली. ५९ दिवसांनी, १२ मे ला, वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच चुकीतून जगभर पसरला. १५० देशांत दोन लाखांहून जास्त कम्प्युटर अडकले. ज्यांनी मार्चचं अपडेट घेतलं होतं, त्यांच्याकडे त्याला त्या वाटेने शिरता येत नव्हतं.

त्यानंतरही खूप जणांनी अपडेट केलं नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या आला. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा त्यात ठप्प झाली. मर्स्क समूहाकडे नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल होतं. तिथली कम्प्युटर यंत्रणा बंद पडली, काम हाताने करायची वेळ आली आणि कंटेनर साचू लागले. आपल्याकडची केळी जहाजाने परदेशात पाठवायची तर कंटेनर याच बंदराकडे जातात, म्हणजे ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही. मर्स्कने स्वतःचं नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितलं.

नॉटपेट्याची पूर्ण गोष्ट सांगायला हवी, कारण ती दोन्ही बाजू शिकवते. तो पहिल्यांदा शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्या कंपनीच्या अपडेट सर्व्हरमध्येच हल्लेखोर घुसले होते. पुढे तो मार्चची दुरुस्ती न केलेल्या कम्प्युटरांमधून पसरला, आणि तिथे सापडलेले पासवर्ड वापरून अपडेट केलेल्या कम्प्युटरांमध्येही गेला. म्हणजे ऑफिसातला एक जुना कम्प्युटर सगळ्यांना घेऊन बुडू शकतो.

अपडेटनेच घोळ होत नाही का? होतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज कम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्या देशातही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ते विंडोजचं अपडेट नव्हतं, पण धडा तोच: अपडेट माणसंच बनवतात. म्हणून माझी पद्धत अशी आहे की महिन्याचं सुरक्षेचं अपडेट आठवडाभरात घ्यायचं, आणि वर्षाचं मोठं अपडेट महिनाभर थांबून, इतरांचे अनुभव बघून घ्यायचं. 'पॉज अपडेट्स'मध्ये पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. कायमचं बंद करणाऱ्या युक्त्या यूट्यूबवर भरपूर आहेत. त्यांच्या नादी लागू नका.

## विंडोज १० वाल्यांसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. कम्प्युटर चालतो, पण नोंदणी केल्याशिवाय त्याला महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. घरगुती वापरासाठी 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स'ची नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत त्या मिळतात, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सेटिंग्जचा बॅकअप जोडला तर वेगळे पैसे पडत नाहीत. पर्याय सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच असतो.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. तो नसेल आणि कम्प्युटर फक्त इंटरनेट, अभ्यास आणि व्हिडिओसाठी असेल, तर लिनक्स मिंट किंवा उबंटू हा चांगला आणि फुकटचा मार्ग आहे. दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर त्यावर चालतं का हे मात्र आधी विचारून घ्या.

## आजच करायच्या सहा गोष्टी

१. फोटो आणि महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत करा. पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क किंवा क्लाउड, काहीही चालेल. हे सगळ्यात आधी.

२. 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' लावा. या वेळेत कम्प्युटर स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. जास्तीत जास्त १८ तास ठेवता येतात. दुकान असेल तर सकाळी ८ ते रात्री १०.

३. हॉटस्पॉट 'मीटर्ड' करा.

४. सी ड्राइव्हवर २० जीबी तरी मोकळे ठेवा. जागा नसणं हे अपडेट फसण्याचं नेहमीचं कारण आहे.

५. डेस्कटॉपला यूपीएस लावा. घरच्या इन्व्हर्टरवर कम्प्युटर असेल तर त्याच्या मागे किंवा बाजूला यूपीएस मोडचं बटण आहे का पाहा आणि ते चालू ठेवा. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर पंखा क्षणभरच मंदावतो, पण तेवढ्यात कम्प्युटर बंद पडू शकतो. लहान यूपीएस काही मिनिटंच टिकतो, म्हणून वर्षाचं मोठं अपडेट त्याच्या भरवशावर सुरू करू नका.

६. बिटलॉकरची की वहीत लिहा.

आणि अपडेट अडकल्यासारखं वाटलं तर? डिस्कचा दिवा लुकलुकतोय का बघा. लुकलुकत असेल तर काम चालू आहे. फिरत्या हार्ड डिस्कच्या जुन्या कम्प्युटरला दोन-तीन तासही द्यायला लागू शकतात. त्यानंतरही दिवा शांत आणि टक्केवारी हललेली नाही, तरच पॉवर बटण दाबून धरा.

मामांनी आता बुधवार ठरवून घेतलाय. महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी संध्याकाळी, दुकान बंद करायच्या आधी अर्धा तास, ते स्वतःच 'चेक फॉर अपडेट्स' दाबतात, रीस्टार्ट करतात आणि चहा घेतात. गल्ला मोजून होईपर्यंत कम्प्युटर तयार असतो. गेल्या महिन्यात त्यांनी फोन केला तेव्हा मला वाटलं परत काहीतरी अडकलं. "नाही रे भो," म्हणाले, "झालं एवढंच सांगायला केला. आता ते फोटोंची कॉपी कशी करायची ते सांग."